मशीन, ओठ की हात? कर्णबधिर मुलांच्या पालकांचे प्रश्न

मागच्या अंकात नवजात बाळाच्या कानाच्या तपासणीबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, मुलाला ऐकू येत नाही हे कळलं, आता त्याच्याशी बोलायचं कसं, मशीन लावायचं, इम्प्लांट करायचं, स्पीच थेरपी करायची की खुणांची भाषा शिकायची, आणि जो भेटतो तो वेगळंच सांगतो. चार पत्रं घेतेय, नावं-गावं गाळलीत. मी २६ वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवतेय, डॉक्टर नाही, त्यामुळे ऑपरेशन, औषधं याबद्दल तुमच्या डॉक्टरांचं आणि ऑडिओलॉजिस्टचं (ऐकणं तपासणाऱ्या तज्ञाचं) ऐका. भाषेबद्दल मात्र मी हक्काने बोलणार आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, मिस्टर साखर कारखान्यात आहेत, मी घरी असते. आमचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. गणपतीत ढोल वाजला की छातीवर हात ठेवून खदखदा हसायचा म्हणून आम्हाला कधी शंकाच आली नाही. मागच्या महिन्यात कानाची बेरा टेस्ट केली, दोन्ही कानांना ९० डेसिबलच्या वर लॉस आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात ह्याचे वडील पण उशिरा बोलले, थांबा. एका ठिकाणी सांगितलं लगेच इम्प्लांट करा आणि अजिबात खुणा करू नका, खुणा केल्या की मूल आळशी होतं, बोलणारच नाही. माझ्या चुलत जावेची बहीण स्पेशल शाळेत शिपाई आहे, ती म्हणते सरळ खुणांची भाषा शिकवा, ऑपरेशनच्या नादी लागू नका. मला रात्र रात्र झोप लागत नाही. चुकीचं काही निवडलं तर त्याचं आयुष्य माझ्या हातून वाया जाईल असं वाटतं.

उत्तर : ढोलाचं आधी मनातून काढून टाका. ढोलाचा दणका अंगाला जाणवतो, छातीत, पायाखालच्या जमिनीत, तुमचा मुलगा छातीवर हात ठेवत होता तो त्याचसाठी. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी असंच झालंय, दार आपटलं की बघतो, विमान गेलं की वर बघतो, मग ऐकू येतंच असणार. तुम्ही काही डोळेझाक केलेली नाही.

सासूबाईंना मात्र प्रेमाने पण स्पष्ट सांगा की थांबायचं नाही. वडील उशिरा बोलले असतील पण त्यांना ऐकू येत होतं, त्यांच्या डोक्यात भाषा भरली जात होती, फक्त बाहेर यायला उशीर झाला. तुमच्या बाळाच्या डोक्यात गेले १४ महिने आवाजातून काहीच गेलेलं नाही. मेंदूला भाषा सगळ्यात सहज लागते ती पहिल्या तीन-चार-पाच वर्षांत. जगभर आता असा नियम सांगतात की १ महिन्याच्या आत तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपाय सुरू. तुमचं ते हुकलं, आपल्याकडे बहुतेकांचं हुकतं, त्यावर रडण्यात आणखी एक महिना घालवू नका एवढंच.

आता प्रत्येक गोष्टीतून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते बघू.

कानाचं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र. ९० च्या वर लॉस असला, म्हणजे साधं बोलणं ऐकूच येत नसलं, तरी आधी दोन्ही कानांना मशीन लावून काही महिने बघतात, इम्प्लांटचा विचार असला तरी ही पायरी बहुतेक ठिकाणी असतेच, कारण मशीनने किती फायदा होतो ते कळल्याशिवाय पुढचं ठरत नाही. मशीन आवाज मोठा करतं, आतल्या कानात जे शिल्लक आहे त्याच्यावरच ते चालतं. बाळाचा कान भराभर वाढतो म्हणून मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सारखा नवीन करावा लागतो, शिट्टी मारायला लागलं की बहुतेक वेळा समजायचं मोल्ड सैल झाला. मूल ओढून फेकणार, तुम्ही परत लावणार, असं पहिले काही आठवडे चालणारच. झोप आणि अंघोळ सोडून सगळा वेळ मशीन कानात असलं पाहिजे, फक्त थेरपीला जाताना लावून उपयोग नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट. ऑपरेशन करून आतल्या कानात इलेक्ट्रोडची बारीक तार बसवतात, बाहेर कानामागे प्रोसेसर असतो, तो आवाजाचे विजेचे संकेत करून थेट श्रवणाच्या नसेला देतो. त्याच्या आधी एमआरआय करतात कारण नस नीट आहे का ते बघावं लागतं. ऑपरेशननंतर साधारण २ ते ४ आठवड्यांनी प्रोसेसर चालू करतात आणि इथेच पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो, त्यांना वाटतं स्विच ऑन झालं की मूल हाक मारल्यावर वळेल. त्या दिवशी मूल बहुतेक वेळा रडतं किंवा गप्प होतं. त्याला आवाज मिळाला, अर्थ मिळालेला नाही. तो आवाज म्हणजे पाणी, हा आवाज म्हणजे आई, हे शिकायला पुढची काही वर्षं मॅपिंग (प्रोसेसर त्या मुलाप्रमाणे जुळवून घेणं), थेरपी आणि घरात रोजचं बोलणं लागतं. जी मुलं लवकर इम्प्लांट होऊन आईवडिलांनी जीव ओतून मेहनत घेतली अशी मी पाहिली आहेत, ती आज फोनवर बोलतात. जी मुलं ऑपरेशन करून तशीच घरी पाठवली गेली, थेरपी लांब, प्रोसेसरची वायर तुटली तर नवीन घ्यायला पैसे नाहीत, अशीही पाहिली आहेत, त्यांचा प्रोसेसर कपाटात पडून आहे. म्हणून ऑपरेशनच्या आधी विचारा की वॉरंटी किती, वायर केवढ्याला, बॅटरी केवढ्याला, बिघडला तर कुठे न्यायचा.

पैशांची काळजी असेल तर ५ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना (दिव्यांगांना साधनं मिळण्यासाठीची) आहे, उत्पन्नाची अट असते, आणि त्यातल्या इम्प्लांटचं काम मुंबईत बांद्र्याला असलेली अली यावर जंग संस्था बघते. १९८३ सालची ही राष्ट्रीय संस्था आहे, तपासणी, थेरपी, पालकांना मार्गदर्शन सगळं एका जागी मिळतं. त्याच्याही आधी तुमच्या जिल्हा रुग्णालयात जा, तिथल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या दोषांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः असलेला बहिरेपणाही धरलेला आहे, अंगणवाडीच्या ताईंना विचारलं तरी त्या वाट दाखवतील. जाताना दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचंही (दिव्यांगांचं ओळखपत्र) विचारून घ्या.

आता ओठांचं. बरेच लोक म्हणतात हळूहळू बोला, तो ओठ वाचेल. आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज अजिबात न काढता 'बाबा', 'पापा', 'मामा' असं तीन वेळा म्हणा. काही फरक दिसला? नाही दिसणार, प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. 'काका' म्हणून बघा, ओठ नुसते उघडे राहतात, क घशाजवळ होतो तो दिसणार कसा. ज्याला आधीपासून मराठी येते तो या अर्धवट दिसणाऱ्यातून अंदाज बांधतो, ज्याला भाषाच येत नाही त्या १४ महिन्यांच्या बाळाने अंदाज बांधायचा कशावरून? ओठ बघणं ही मदत आहे, कोणी त्याच्यावर भाषा उभी करा म्हणालं तर मी तुम्हाला नको म्हणेन.

आणि खुणांची भाषा. इथे मला माझंच एक सांगायचंय. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत खुणा करायला बंदी होती. मुलं बाकावर हात मांडीखाली दाबून बसायची आणि मी फळ्यावरून वळून 'हात खाली' म्हणायचे. मधली सुट्टी झाली की तीच मुलं हौदाच्या मागे गोल करून उभी राहायची आणि हात असे भराभर चालायचे, कोणाच्या घरी काय झालं, कोण कोणाशी भांडलं, मॅच कोण जिंकलं, वर्गात ज्या मुलाच्या तोंडून मला चार शब्द मिळायचे नाहीत तो तिथे पाच मिनिटं गोष्ट सांगत असायचा. मला हे कळायला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांच्या मुलांबद्दल मला आजही वाईट वाटतं. ही बंदी आमच्या शाळेने शोधून काढलेली नव्हती. १८८० साली इटलीत मिलान शहरात बधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद झाली, जवळजवळ सगळे ऐकू येणारे, त्यांनी ठराव केला की शाळेत फक्त बोलणं चालेल. तो ठराव शंभराहून जास्त वर्षांनी माझ्या वर्गापर्यंत पोचला होता. २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला तशाच परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे नाहीत, ती पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, तुझं - नाव - काय, नकार शेवटी येतो, मला - दूध - नको, मराठी माणसाला ही रचना इतकी ओळखीची वाटते की माझ्याकडच्या आया पहिल्या आठवड्यात म्हणतात, अय्या हे तर आपल्यासारखंच. भुवया वर केल्या की हो-नाही विचारणारा प्रश्न होतो, म्हणजे चेहरा पण व्याकरणाचा भाग आहे.

खुणांनी मूल आळशी होतं का? याच्यावर तज्ञांमध्ये वाद आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. फक्त ऐकण्या-बोलण्यावर भर देणारे थेरपिस्ट म्हणतात की मेंदूला डोळ्यांची सोपी वाट दिली तर कानाची वाट पक्की होत नाही, ते मनापासून म्हणतात, त्यांच्या हातून बोलती झालेली मुलंही आहेत. पण खुणा शिकल्यामुळे बोलणं बंद पडतं हे सिद्ध झालेलं नाही. १९९८ साली अमेरिकेत कोलोरॅडोमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ६ महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा बाकीच्यांपेक्षा पुढे होती आणि घरात फक्त बोलत होते की खुणाही करत होते यामुळे हा फायदा नाहीसा झाला नाही. माझा २६ वर्षांचा अनुभवही तोच आहे. ज्या मुलाकडे सांगण्यासारखं काही आहे ते सांगायला मिळेल तो रस्ता धरतं.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. उद्यापासून मशीनची तयारी आणि इम्प्लांटच्या तपासण्या सुरू केल्या असत्या, कारण त्याला वयाची मुदत आहे. आणि आज संध्याकाळपासून खुणा सुरू केल्या असत्या, कारण त्याला कोणाची परवानगी, रिपोर्ट, तारीख काहीच लागत नाही. मशीन यायला महिना लागेल, इम्प्लांटला कदाचित वर्ष लागेल, तोपर्यंत तुमचा मुलगा कुठल्या भाषेत जगणार? आणि इम्प्लांट झालं तरी अंघोळीला, झोपताना, चार्जिंगला प्रोसेसर काढला की त्याला ऐकू येणार नाही, तेव्हा त्याला काही सांगायचं असेल तर?

माझ्याकडे एक आई यायची, ती भाकरी करताना मुलाला ओट्याजवळ स्टुलावर बसवायची, हात भाजणार नाही इतक्या अंतरावर. पीठ, पाणी, मळते, थापते, गरम, प्रत्येकाची खूण आणि तोंडाने शब्द दोन्ही, चेहरा मुलाकडे करून. भाकरी फुगली की स्वतःचे गाल फुगवायची. त्या मुलाने स्वतःहून केलेली पहिली खूण कुठली माहितीये? गाल फुगवून तव्याकडे बोट. तिसऱ्या वर्षी इम्प्लांट झालं, मग कित्येक महिन्यांनी एक दिवस गाल फुगवले आणि त्यातून 'फू' बाहेर आलं, मग 'फुगी', मग 'फुगली'. खुणेने शब्दाची वाट अडवली नव्हती, तिने शब्दासाठी जागा धरून ठेवली होती.

सगळ्यांनाच हे जमेल असं नाही. घरात दिवसभर बाळाजवळ कोण असतं, थेरपी किती लांब, आठवड्यातून एकदा एसटीने जाणं-येणं झेपेल का, जवळपास खुणा येणारं कोणी मोठं माणूस आहे का, यावर पण तुमचं ठरणार आहे आणि ते ठरवण्यात कमीपणा नाही. कोणी म्हणालं सगळ्यांसाठी हीच पद्धत बरोबर, तर तिथून निघा. निर्णय घ्यायच्या आधी दोन माणसांना मात्र नक्की भेटा, एक इम्प्लांट झालेला कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी, आणि एक कर्णबधिर मोठा माणूस जो खुणांमध्ये बोलतो, नोकरी करतो, घर चालवतो. तुम्ही आत्तापर्यंत डॉक्टर, सासूबाई, चुलत जावेची बहीण या सगळ्या ऐकू येणाऱ्यांचं ऐकलंय. तुमचा मुलगा मोठा होऊन ज्यांच्यासारखा होणार आहे त्यांना तुम्ही अजून बघितलेलंच नाही, बघितलं की निम्मी भीती जाईल.

आणि एक वही करा. त्याला कळलेला प्रत्येक शब्द किंवा खूण तारीख टाकून लिहा, कानाने कळलं, ओठावरून की खुणेने, ते शेजारी लिहा. दर तीन महिन्यांनी वही घेऊन थेरपिस्टसमोर बसा. वही भरत असेल तर चालू ठेवा, सहा महिने रिकामी राहिली तर मूल मंद आहे असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका, पद्धत बदला. आज निवडलं ते जन्मभराचं नसतं, म्हणून रात्री झोपा.

प्रश्न : नमस्कार. आम्ही ह्यूस्टनला असतो. मुलगी ३ वर्षांची, दोन्ही कानांत इम्प्लांट, पहिलं दीड वर्षाची असताना झालं. इथल्या पहिल्या थेरपिस्टने सांगितलं की हिला फक्त इंग्लिश द्या, दोन भाषा झेपणार नाहीत. आम्ही दोघं घरात मोडकं-तोडकं का होईना इंग्लिशच बोलतो. आता माझी आई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलीये, तिला इंग्लिश येत नाही, ती नातीजवळ नुसती बसून राहते आणि काल म्हणाली, मी हिच्याशी बोललेलं चालत नाही का रे. मला काय उत्तर द्यावं कळेना.

उत्तर : उत्तर आजींना मीच देते, आजी, बोला हो, खूप बोला.

दोन भाषांनी गोंधळ होतो हा सल्ला जुना आहे. लवकर इम्प्लांट झालेली, नीट ऐकू येणारी मुलं दोन बोली भाषा शिकतात हे आता माहीत आहे, पहिली भाषा पक्की झाली की दुसरीला तिचा आधारच मिळतो. खरा तोटा कशाने होतो ते तुमच्या पत्रातच आहे, मोडकं-तोडकं. मुलाला भाषा लागते ती भरपूर आणि न अडखळणारी. तुम्ही इंग्लिशमध्ये तिला रागवू शकता का, लाडात येऊ शकता का, चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं घर शेणाचं हे त्या ओघात सांगू शकता का? ज्या भाषेत तुम्हाला विचार करावा लागत नाही तीच घरात बोला, इंग्लिश शाळेतून येईलच, तिथे तर दिवसभर तेच आहे.

थोडी काळजी घ्या. आजींनी हाताच्या अंतरावर बसून बोलावं, टीव्ही आणि डिशवॉशर बंद असताना. ओरडू नये, ओरडलं की आवाज फाटतो. मराठीतले काही आवाज इंग्लिशमध्ये वेगळे करतच नाहीत, त आणि ट, द आणि ड, क आणि ख, शिवाय आपला ळ, हे तिच्या कानाला ओळखीचे व्हायला वेळ लागेल. ताट आणि टाटा, दार आणि डाळ अशा जोड्या खेळात घ्या. रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज तोंड झाकून काढायचे आणि तिने प्रत्येकाला ठोकळा टाकायचा, ही चाचणी तुम्हाला थेरपिस्टने शिकवली असेलच, ती आजी पण घेऊ शकतात, मराठीत पण तेच आवाज आहेत.

तुम्ही लिहिलं नाहीये पण आता ती ३ वर्षांची झालीये म्हणजे तुमच्या तिकडच्या कायद्याप्रमाणे शाळेकडून आयईपी, म्हणजे तिच्यासाठीचा खास शिक्षणाचा लेखी आराखडा, व्हायची वेळ आली. त्या बैठकीत मुलीच्या भाषेच्या आणि संवादाच्या गरजांचा विचार करणं त्यांना बंधनकारक आहे. तिथे ठामपणे नोंदवा की घरची भाषा मराठी आहे, नाहीतर तिची परीक्षा फक्त इंग्लिशमध्ये घेतील आणि निम्मे शब्द मोजलेच जाणार नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा, नाशिकला मराठी शाळेत चौथीत. चौथ्या वर्षी मशीन लावलं. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं सगळं उतरवून आणतो, बाई म्हणतात हुशार आहे. पण घरी त्याला साधं विचारलं की आज काय झालं तर गप्प, जास्त विचारलं की वस्तू फेकतो. आम्ही खुणा कधीच केल्या नाहीत, स्पीच थेरपीच्या मॅडमनी मनाई केली होती. आता शिकवल्या तर शाळेत बाकीची मुलं हसतील. उशीर झाला का?

उत्तर : वस्तू फेकण्यावरून त्याला कृपा करून मारू नका. दहा वर्षांच्या मुलाच्या आत दहा वर्षांच्या मुलाइतकंच चाललेलं असतं, राग, मित्र, अपमान, आणि ते सांगायला त्याच्याकडे बहुतेक तीन-चार वर्षांच्या मुलाइतके शब्द आहेत. तो फेकतोय ते बोलणं आहे.

मोत्यासारखं अक्षर म्हणजे भाषा नाही. मी असं सांगते तेव्हा पालकांना फार लागतं पण हे तपासून बघा, त्याच्या वहीतलं त्यानेच लिहिलेलं एक वाक्य घ्या, 'शेतकऱ्याने बैलाला पाणी पाजले', आणि त्याला म्हणा चित्र काढ. कोण पाणी पितंय? बैल पितोय की शेतकरी? चित्रात गडबड असेल तर समजा की तो अक्षरं उतरवतोय, 'ने' आणि 'ला' त्याच्यापर्यंत पोचलेले नाहीत. ही प्रत्ययांची टोकं बोलताना बारीक आवाजात येतात, मशीनमधून सगळ्यात आधी तीच निसटतात.

उशीर झाला, हो. वेळ गेलेली नाही. दहाव्या वर्षी खुणा सुरू केलेली मुलं मी बघितली आहेत, त्यांचा पहिला महिना असा असतो की जणू बांध फुटला, आईला रात्री झोपू देत नाहीत, दोन वर्षांपूर्वी आजोबा वारले तेव्हा त्यांना कुठे नेलं होतं हे एका मुलीने आईला अकराव्या वर्षी पहिल्यांदा विचारलं. तुमचा मुलगा काय काय साठवून बसलाय तुम्हाला माहीत नाही.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० हून जास्त शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश आहे, फुकट आहे, मोबाईलवर बघता येतो. रोज जेवताना पाच खुणा, घरातल्या सगळ्यांनी, वडिलांनी सुद्धा. व्हिडिओवरून शब्द येतात, भाषा मात्र माणसांतच येते, म्हणून रविवारी त्याला कर्णबधिर मुलांमध्ये घेऊन जा, नाशिकमध्ये त्यांच्या शाळा आहेत, तिथल्या शिक्षकांना भेटा. मशीन आणि थेरपी बंद करायची नाही, बोलणं जितकं येईल तितकं येऊ दे.

शाळेबद्दल. मशीनची नव्याने तपासणी करा, वर्षभर झाली नसेल तर लगेच. बाईंना सांगा फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला पुढे आणि खिडकीकडे पाठ करून बसवा म्हणजे बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. बाईंच्या गळ्यात माईक आणि त्याच्या मशीनला रिसीव्हर अशी एफएम सिस्टीम मिळते, मोठ्या वर्गात तिचा फार उपयोग होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिर मुलांना योग्य त्या भाषेत आणि पद्धतीने शिक्षण मिळालं पाहिजे असं लिहिलेलं आहे, त्यामुळे तुम्ही शाळेकडे मेहेरबानी मागत नाही आहात. एवढं करूनही वर्षभरात वर्गात काही पोचत नसेल तर विशेष शाळेचा विचार करा, ती हार नाही. आणि मुलं हसतील याचं म्हणाल तर बाईंना विचारून त्याला रोज वर्गाला एक खूण शिकवू द्या. चौथीतल्या मुलांना आवाज न करता वर्गात बोलता येणारी भाषा मिळाली तर ती हसत बसतील असं तुम्हाला वाटतं का?

प्रश्न : मी आणि माझे मिस्टर दोघेही कर्णबधिर आहोत. मुंबई. दोघांना नोकरी आहे. आमची मुलगी ८ महिने, तिला पण ऐकू येत नाही. आम्ही आनंदी. पण दोन्ही घरचे रडतात. म्हणतात इम्प्लांट करा, नाहीतर मुलीचे नुकसान, तुम्ही स्वार्थी. आम्ही खुणा करतो तेव्हा आई मुलीचे तोंड फिरवते. आम्ही काय करावे? दुसरा प्रश्न, मुलगी ट्यूबलाईट बघून मूठ उघडते बंद करते. हा शब्द आहे का?

उत्तर : तुमच्या आईंना हे उत्तर वाचायला द्या. कर्णबधिर मुलांपैकी फारच थोड्या मुलांचे आईवडील कर्णबधिर असतात, बाकी सगळी माझ्या पहिल्या पत्रातल्या बाळासारखी, घरात कोणालाच त्यांची भाषा येत नाही. तुमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून पूर्ण भाषा मिळतेय. आई, तिचं तोंड फिरवू नका, तुम्ही तिला तिच्या आईच्या बोलण्यापासून तोडताय. तुम्हाला नातीशी बोलायचंय ना, मग लेकीकडून रोज दोन खुणा शिका आणि तोंडाने मराठी पण बोला.

इम्प्लांटचं तुम्ही दोघांनीच ठरवायचं. डॉक्टरांकडे दुभाषा घेऊन जा, सगळे प्रश्न तुमच्या भाषेत विचारा, घरच्या कोणाला मध्ये बोलायला लावू नका कारण ते त्यांचं मत मिसळतात. बोलीभाषेसाठी इम्प्लांट जितकं लवकर तितका फायदा जास्त, ही गोष्ट खरी आहे आणि ती माहीत असूनच निर्णय झाला पाहिजे. केलंत तरी खुणा चालू ठेवा, आणि मग ऐकायला-बोलायला आजी, बालवाडी, थेरपी यांची जास्त मदत लागेल. नाही केलंत तर तुम्ही स्वार्थी होत नाही, फक्त चांगली खुणांची शाळा आणि लवकर वाचन याची तयारी आत्तापासून करा. आणि दोन्ही घरच्यांना एकदा सांगा की आनंदी असणं हा काही गुन्हा नाही.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. जशी ऐकू येणारी बाळं बाबाबा करतात तशी खुणांच्या घरातली बाळं हातांनी करतात, याचा कॅनडात अभ्यास होऊन १९९१ साली तो प्रसिद्धही झालाय. नुसती मूठ उघड-मीट करत असेल तर ते बोबडं. पण दिव्याकडे बघूनच करत असेल, परत परत, आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर हो, तो शब्द आहे. आज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिच्यासमोर बसा, तिने मूठ उघडली की तुम्ही पण 'दिवा' करा, आणि मग बटण दाबा.